रेती मुरवतोयस?

पोर्चचा स्लॅब पावसाआधी पडायला हवा म्हणून रेतीचे पैसे आगाऊ दिले, तो माझा गाढवपणा. परवा फोंड्यात आमच्या दारात ट्रक लागला, मूठभर रेती तळहातावर चोळली तर हात लालभडक, चिरेखाणीतून आल्यासारखा. ड्रायव्हर म्हणे, नदीची रेती, माती असणारच! (गोव्यात रेतीवरून इतक्या कोर्टकचेऱ्या झाल्यात की मिळेल ती गुमान घ्या असाच मामला आहे.)

मी म्हटलं थांब, टेस्ट करतो. लोणच्याची रिकामी काचेची बरणी, निम्मी रेती, वर पाणी, चमचाभर मीठ, दणकून हलवली आणि ३ तासांसाठी कुंपणाच्या गडग्यावर ठेवली. रेती तळाला बसते, गाळ तिच्यावर थर धरतो, पट्टीनं मोजायचा. आकारमानानं ८ टक्क्यांच्या वर गेला की रेती परत. ड्रायव्हरनं केबिनमध्ये ताणून दिली.

पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत शेजारचे आबा उभे होते.

"कितें रे हें?"

"रेती, आबा."

"बरणीत? मुरवतोयस?"

मग मी, मलाच हौस, समजावत बसलो की कणांवर मातीचा पापुद्रा असला की सिमेंट रेतीला न धरता त्या पापुद्र्यालाच धरतं, शिवाय माती पाणी पिते म्हणून गवंडी पाणी वाढवतो आणि पाणी वाढलं की ताकद गेली, वर वाळताना तडे.

"पण माती चिकट ना? तेवढंच सिमेंट वाचतं. आमचं जुनं घर मातीचंच, आजोबांनी बांधलेलं. अजून उभं आहे."

"आबा, त्याला स्लॅब नाही, कौलं आहेत."

"म्हणून तर उभं आहे!"

यावर काय बोलणार? मग त्यांना मिठाचं कळलं. "मीठ घातलंस? सळ्या खातं रे ते!" अख्ख्या सकाळीत माणूस हे एकच बरोबर बोलला, तेही माझ्या लोणच्याच्या बरणीबद्दल, जिच्यात सळई नव्हती. गाळ लवकर बसावा म्हणून घालतात हे सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

अडीच तास झाले, अर्धा तास उरला म्हणून आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर आबा बरणी उन्हात धरून खळाखळा हलवतायत.

"सगळं तळाला जाऊन बसलेलं रे, ढवळून दिलं."

तेवढ्यात ड्रायव्हर जागा झाला, हौदा उचलला, आख्खी रेती गेटसमोर ओतली आणि गेला. रात्री पुन्हा बरणी लावली, ८ सेंमी रेतीवर दीड सेंमी गाळ. फोन केला तर पुरवठादार म्हणतो, "धुऊन घ्या." पाण्याचा टँकर माझ्या पैशानं, हमाली माझी, वर धुतल्यावर ढीग घटला तो वेगळाच. चीड येते ती याची.

काल धूत होतो तर आबा परत हजर.

"तो गाळ टाकू नको हां, दोन घमेली दे. वृंदावन सारवायचंय."