नायिका सोळा वर्षांची असली म्हणून कादंबरी 'यंग अडल्ट' होत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने एक कादंबरी अर्ध्यातच परत आणून दिली. "मावशी, ही बाई मोठी झाल्यावर सगळं आठवून सांगतेय. म्हणजे तिचं पुढे नीट झालं. मग मी कशाला घाबरू?"

यंग अडल्ट म्हणजे काय, यावर मी इतकी वर्षं वाचतेय, बोलतेय. पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

यंग अडल्ट हा 'जॉनर', म्हणजे कथेचा एक ठरावीक प्रकार, नाही, हे आधी सांगते, कारण हा घोळ फार होतो. तो वाचकांचा वयोगट आहे, ढोबळमानाने १२ ते १८. भयकथा, प्रेमकथा, विज्ञानकथा, ऐतिहासिक कादंबरी, चित्रकादंबरी, मुक्तछंदात लिहिलेली कादंबरी, हे सगळं त्यात येतं. त्यामुळे कुणी "मला यंग अडल्ट आवडत नाही" म्हणालं की मी विचारते, त्यातलं काय?

मग हे सगळं बांधून ठेवणारं काय आहे? नायकाचं वय, असं सरसकट उत्तर मिळतं. मला ते पटत नाही. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीची नायिका स्काउट तर सुरुवातीला सहाच वर्षांची आहे, पण ती गोष्ट मोठी झालेली स्काउट सांगते. त्या आवाजात समज आहे, शांतपणा आहे. उलट १९५१ सालचं 'द कॅचर इन द राय' मोठ्यांसाठी छापलं गेलं आणि किशोरांनी ते आपलं करून टाकलं. तिथला सतरा वर्षांचा मुलगा जेमतेम वर्षभरापूर्वीचं सांगतोय. जखम अजून ओली आहे. माझ्या लेखी फरक इथे आहे, घडलेलं आणि सांगणारा यांच्यातल्या अंतरात. पुढे काय होणार हे पात्राला माहीत नसतं, आणि लेखकही "अरे, हेही दिवस जातील" असं वाचकाच्या कानात सांगत नाही. त्या वयात पहिलं प्रेम हे 'पहिलं' नसतंच, ते एकमेव असतं. मैत्री तुटली की जग तुटतं. हे खोटं नाही, अतिशयोक्तीही नाही. तुलना करायला मागे काही नसतं, इतकंच.

एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' पंधराव्या वर्षी लिहायला घेतली. १९६७ साली ती छापून आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आपल्या आजूबाजूच्या मुलांचं खरं जगणं पुस्तकांत कुठेच दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. आज यंग अडल्ट साहित्याची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. मला ते योग्य वाटतं, कारण तिथे अंतर जवळजवळ नव्हतंच.

आता त्यातल्या प्रकारांकडे बघा. डिस्टोपिया, म्हणजे जुलमी, बिघडलेल्या काल्पनिक राज्याची गोष्ट, या वयाला इतकी का भिडते? ज्यांनी नियम केले त्यांनी आपल्याला विचारलं नाही, सतत आपल्यावर नजर आहे, आपले गुण मोजून आपल्याला रांगेत लावलं जातंय. सोळा वर्षांच्या मुलीला हे कल्पनेतलं राज्य वाटतच नाही. 'द हंगर गेम्स' ही अशीच कादंबरी तर वर्तमानकाळात सांगितलेली आहे. पुढच्या पानापर्यंत निवेदिका जिवंत राहील की नाही, याचीही हमी नाही. फँटसीत अचानक अंगात शक्ती येते, शरीर आपलं ऐकेनासं होतं, घरच्यांपासून काहीतरी लपवावं लागतं. यातलं रूपक समजावून सांगावं लागत नाही, ती मुलं रोज तेच जगत असतात. वास्तववादी कादंबऱ्यांना तर ही शाल पांघरायची सोयही नसते. आजारपण, अत्याचार, घरातली दारू, वंशद्वेष, सगळं उघडं. मला त्याच सर्वांत अवघड वाटतात.

आणि सर्वांत जास्त बिघडतातही त्याच. लेखकातला पालक जागा होतो. शेवटच्या प्रकरणात एखादी समंजस शिक्षिका येते, चार शहाणपणाचे शब्द बोलते आणि नायिकेचे डोळे उघडतात. मला अशा पुस्तकांचा मनापासून राग येतो. तीनशे पानं त्या मुलीवर विश्वास ठेवलात, मग शेवटी तिच्या हातातून गोष्ट का काढून घेतलीत?

शेवट आशादायकच हवा, या आग्रहाशीही मी सहमत नाही. रॉबर्ट कॉर्मिए यांच्या 'द चॉकलेट वॉर'चा (१९७४) शेवट बदला, असं प्रकाशकांनी सुचवलं होतं. त्यांनी तो बदलला नाही. शाळेने निधीसाठी विकायला दिलेली चॉकलेटं एक मुलगा विकायला नकार देतो, गोष्ट एवढीच. निवेदन प्रथमपुरुषी नाही, दृष्टिकोनही अनेक आहेत. तरी वरून बघणारा शहाणा मोठा माणूस त्यात कुठेच नाही.

तीच आता भाचीला दिली आहे. ताईने विचारलं, "फार उदास आहे का गं?" मी हो म्हटलं, आणि तरीही दे म्हटलं. भाची अजून शेवटापर्यंत पोचलेली नाही. काल रात्री तिचा फक्त एक मेसेज आला होता: "तो अजूनही नाहीच म्हणतोय."