खुलासा: दाढीची छटा जाड फाउंडेशनने झाकत नाही

‘पुरुषाचा स्त्रीरूपातला मेकओव्हर अर्ध्या तासात होतो, दाढीवर फाउंडेशनचे जाड थर द्या, भुवया मात्र आधी कोराव्याच लागतात,’ हा मेसेज चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

जाड थराखालची निळसर छटा राखाडी दिसते आणि बोलताना तोंडाभोवती थर फुटतो. त्याच दिवशी गुळगुळीत दाढी करा, त्वचा शांत होऊ द्या. मग छटेपुरताच नारिंगी करेक्टर (त्वचेवरची नको असलेली छटा दाबणारं रंगीत क्रीम), पातळ, थोपटून. नारिंगी निळ्याला मारतो. त्यावर पावडर, नंतरच फाउंडेशन. पावडर लावायची राहिली तर नारिंगी रंग वरच्या फाउंडेशनमध्ये मिसळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. भुवया ग्लू स्टिकने चपट्या बसवून झाकता येतात. कोरायच्या नसतील तर मेकअप करणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा. विग-कपड्यांसह दोन-तीन तास धरा.