स्कूबा करून त्याच दुपारी विमानात बसू नका

"कमी पैशात अंदमान आणि स्कूबा, एजंट सांगत नाहीत त्या युक्त्या" हा मेसेज आमच्या सांगली-मिरजेत सगळ्या ग्रुपवर फिरून झालाय. मी दोनदा बघून सोडून दिला होता. रविवारी आक्काकडे मिरजेला जेवायला गेले तर भाच्यानं त्याच मेसेजवरून तिकिटं काढलेली. तो आणि तीन मित्र. शेवटच्या दिवशी सकाळी अंदमानातल्या नॉर्थ बे इथं डाइव्ह, दुपारी परतीचं विमान. "मावशी, हॉटेलची एक रात्र वाचते बघ." या पोराच्या खिशात दम्याचा पंप असतो. माझा घास हातातच राहिला.

मी स्वतः हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचा, ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलाय. पैसे वाचवतच केलाय. त्यामुळे काटकसरीला माझा विरोध नाही. पण या मेसेजमधल्या तीन गोष्टी जीव घेतील अशा आहेत.

आधी विमान. मेसेज म्हणतो, "विमानात केबिन प्रेशर असतं, डाइव्हनंतर काही होत नाही." केबिनमध्ये दाब असतो, पण तो जमिनीवरचा नसतो. सहा ते आठ हजार फुटांवर हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढा ठेवतात. आठ हजार फूट म्हणजे 2,400 मीटरच्या वर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. पाण्यातून नुकतं बाहेर आलेलं शरीर तुम्ही कळसूबाईच्याही कितीतरी वर नेऊन ठेवणार. पाण्याखाली दाबाची हवा श्वासात गेली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत मुरतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. तो निघायच्या आत बाहेरचा दाब आणखी उतरला की अंगातच बुडबुडे धरतात. सांधे ठणकतात, हातापायाला मुंग्या येतात, पाय लुळे पडू शकतात. यावर उपचार म्हणजे ऑक्सिजन देणं आणि पुन्हा दाबाच्या चेंबरमध्ये ठेवणं. समुद्रावर विमानात हे सुरू झालं तर शेजारच्या सीटवरचा मित्र काय करणार?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंगमधले अपघात आणि आजार यांवर काम करणारी संस्था. तिनं 2002 मध्ये तज्ज्ञांना बसवून जे आकडे काढले, तेच पुढे कोर्समध्ये शिकवले जातात: एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, एका दिवसात जास्त किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान 18 तास. माझ्या इन्स्ट्रक्टरनं सरळ एक अख्खा दिवस मोकळा ठेवायला लावला. आणि हा नियम उंचीचा आहे, 2,000 फुटांच्या पुढं लागू होतो. म्हणून मालवणला दिवसभर डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीचा घाट चढणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनीही इन्स्ट्रक्टरला विचारूनच गाडी काढावी.

दुसरी गोष्ट वाचून तर मला राग आवरेना. "घाबरलात तर श्वास रोखून सरळ वर या." हे लिहिणाऱ्यानं पाण्यात कधी नळी तोंडात धरलेली नाही. आमच्यासारखे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले लोक बुडी मारताना छाती भरून श्वास धरतात, आणि तिथं ते बरोबरच आहे. ती हवा वरची असते, खाली दबते, वर आलं की होती तेवढी होते. स्कूबात तुम्ही खालीच श्वास घेता. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथं भरलेली छाती बंद ठेवून वर आलात तर हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटतं. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटर वर येणंही पुरे होतं. तेवढं तर विहिरीच्या चार पायऱ्यांचं अंतर.

मला हे अंगावर आलं होतं. चार मीटरवर मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकानं बाहेर काढायचा सराव चालला होता. पाणी नाकात गेलं, मी विहिरीच्या सवयीनं तोंड मिटलं आणि पाय मारले. इन्स्ट्रक्टरनं जॅकेटचा पट्टा धरून मला जागच्या जागी थांबवलं, डोळ्यांसमोर बोटं हलवून बुडबुडे सोडायची खूण केली, आणि माझ्या नळीतून फुर्र आवाज येईपर्यंत हात सोडला नाही. नंतर खोल डाइव्हला मान वर करून बघितलं तर माझेच बोराएवढे बुडबुडे वर जाता जाता फुगून बशीसारखे पसरत होते. छातीत कोंडलेल्या हवेचंही तेच होतं.

म्हणूनच "पाठीवर ऑक्सिजन असतो, दमेकऱ्यांना उलट बरं, तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे नाही लिहा" हे तिसरं वाक्य मला भयंकर वाटतं. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते, 21 टक्केच ऑक्सिजनची. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो, झटके येतात. दम्यात श्वासनलिका आवळल्या की हवा आत अडकते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते वर लिहिलंय. फॉर्मवर खरं लिहिलं म्हणजे लगेच हाकलून देतात असंही नाही. डॉक्टरांची सही आणायला सांगतात. दमा आटोक्यात असलेल्या काहींना ती मिळतेही.

पोहता येत नसलं तरी चालतं, हे मेसेजमधलं वाक्य मात्र अर्धं खरं आहे, मान्य करते. इन्स्ट्रक्टर धरून नेतो त्या पहिल्या डाइव्हला, जी फार तर 12 मीटरपर्यंत असते, पोहणं लागत नाही. कोर्सला लागतं: 200 मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं. सरकारी बोट स्वस्त पडते हेही खरं, मीही तिनंच गेले. पावसाळ्यात निम्म्या दरात जा म्हणे. खवळलेल्या समुद्रात बोटी रद्द होतात आणि पाणी गढूळ असतं, वाचले ते पैसे तिथंच जातात.

भाच्याचं वेळापत्रक त्याच ताटावर बसून बदललं. डाइव्ह पहिल्या दोन दिवसांत, शेवटचा दिवस सेल्युलर जेलला. रात्री तेवढ्याच, तिकीट तेच, एक रुपया वाढला नाही. त्याची डाइव्ह मात्र अजून ठरलेली नाही, बुधवारी छातीच्या डॉक्टरांकडे जायचंय. आक्का म्हणाली मी बरोबर जाते, तर म्हणाला, "नको, मावशीला पाठव."