प्रोस्टेट कॅन्सर निघाला की लगेच ऑपरेशन? जरा थांबा

सध्या एक मेसेज फिरतोय, की प्रोस्टेटचा कॅन्सर सापडला की आठवड्याभरात ऑपरेशन करून टाका, थांबलात तर जीव गेलाच म्हणून समजा. सरसकट सगळ्यांसाठी हे खरं नाहीये.

ब्रिटनमधे प्रोटेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, कॅन्सर प्रोस्टेटपुरताच असलेले १६४३ पुरुष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन आणि काहींवर फक्त लक्ष ठेवलं, आणि साधारण १५ वर्षांनी बघितलं तर तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने गेलेले जेमतेम ३ टक्के, गटागटांत फारसा फरकच नाही. हां, लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर शरीरात पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, ९ टक्क्यांच्या आसपास, बाकी दोन्हीकडे ५ च्या आसपास, आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी पुढे ट्रीटमेंट घेतलीच, हेही सांगायलाच हवं.

लक्ष ठेवणं म्हणजे घरी गप्प बसणं नाही हो! ठरावीक काळाने पीएसए ही रक्ताची तपासणी, गरजेप्रमाणे एमआरआय, पुन्हा बायोप्सी, आणि आकडे बदलले की ट्रीटमेंट.

ऑपरेशननंतर लघवी गळणं, ताठरता न येणं हे त्रास बऱ्याच जणांना होतात, रेडिएशनने शौचाच्या तक्रारी येऊ शकतात, आणि हे कुणी आधी नीट सांगतच नाही याचा मला खरंच राग येतो.

पण ग्लीसन स्कोअर (बायोप्सीवरून कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) ८ किंवा वर असेल तर थांबण्याचा हा सल्ला तुमच्यासाठी नाही, तिथे सहसा ट्रीटमेंट लागतेच. कमी रिस्क असेल तर सर्जन आणि रेडिएशनवाले, दोघांनाही भेटून मगच ठरवा.