त्या मुलीला गाणं पूर्ण करू द्या

परवा रात्री जेवताना आई आणि मी गाण्याचा एक रिअ‍ॅलिटी शो बघत होतो. जुन्नरकडची बारा-तेरा वर्षांची एक मुलगी नाट्यपद गायला उभी राहिली. तिनं मुखडा घेतला आणि आईचा घास हातातच राहिला. आई लग्नाआधी सहा वर्षं शनिवार पेठेत गाणं शिकलेली आहे, सहजासहजी मान डोलावत नाही. मुलीच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती, नीट बघितलं तरच दिसेल इतकी हलकी. अंतरा आला, तिनं श्वास घेतला, वरच्या षड्जाकडे निघाली आणि पडद्यावर आले परीक्षकांचे भरलेले डोळे. मग दुसऱ्या परीक्षकांचे. मग तिच्या वडिलांचं घर, गोठा, पत्र्याचं दार, मागे व्हायोलिन. परत मंच दिसला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

आई म्हणाली, "अगं, तान घेतली का तिनं?"

मला सांगता येईना. तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून लिहिते आहे. मी समीक्षक नाही. बँकेतली नोकरी, सिंहगड रोडचं ट्रॅफिक, स्वयंपाक, आणि मग रात्री तासभर टीव्ही, एवढाच माझा अधिकार. पण बघणारी तर मीच आहे ना?

वडिलांची गरिबी मला ती मुलगी आवडावी म्हणून दाखवली, हे कळतं. पण ती मला मुखड्यातच आवडली होती! वडिलांनी तिला शिकवायला काय खस्ता खाल्ल्या असतील ते त्या न ऐकलेल्या तानेतच कळलं असतं. तेरा वर्षांच्या मुलीनं ज्यासाठी पहाटे उठून गळा तापवला ती जागा कापायची आणि तिच्या घराचं पत्र्याचं दार दाखवायचं, हा तिचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं. त्या वडिलांचाही आहे.

आणि प्रेक्षकांना धीर नसतो असं कुणी सांगू नका, निदान पुण्यात तरी. १९५३ पासून इथे 'सवाई गंधर्व' संगीत महोत्सव होतोय. डिसेंबरच्या थंडीत शाली पांघरून लोक एकेक राग तासभर ऐकतात. २००८-०९ मधले 'सा रे ग म प'चे 'लिटिल चॅम्प्स' आठवा. आळंदीची कार्तिकी, आपल्या पुण्याची आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित. आमच्या सोसायटीत तेव्हा त्या वेळेला कुणी कुणाकडे जात नसे. कौतुकाचे सोहळे तेव्हाही होतेच, मी काही ते सगळं सोवळं होतं म्हणत नाही. पण आज इतक्या वर्षांनी मला त्या पोरांचं गाणं आठवतं. कोण परीक्षक कधी रडलं ते आठवत नाही.

जाहिरातींचं मात्र मला उलट वाटतं. तीस सेकंद मिळतात, पैसे मोजलेले, माल खपवायचा, तरी चांगली जाहिरात करणारा माणूस माझ्यावर विश्वास टाकतो. फेव्हिकॉलची ती बस आठवते? खाचखळग्यांच्या रस्त्यानं चाललेली, टपावर, दारात, मागे माणसंच माणसं लगडलेली, आणि पडत कुणीच नाही. संवाद एक नाही. बस पुढे जाते, मागच्या बाजूची जाहिरात दिसते, संपलं. आपलं आपल्याला कळतं, आणि कळल्याचा आनंदही आपलाच असतो. ही जाहिरात करणारे पीयूष पांडे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखी मी त्यांच्या जाहिराती एकामागून एक बघत बसले होते. कॅडबरीची नव्वदच्या दशकातली, क्रिकेटपटूनं फटका मारल्यावर मैदानात नाचत धावणाऱ्या मुलीची, तीही त्यात होतीच. २०२१ मध्ये तीच जाहिरात नव्यानं केली तेव्हा बॅट बाईच्या हातात होती आणि नाचत धावला मुलगा. स्त्री-पुरुष समानतेवर एक वाक्य नाही त्यात! तीस सेकंदवाल्याला हे जमतं, मग दीड तास हाताशी असणाऱ्याला का जमू नये?

जाहिराती किती दाखवाव्यात हा वेगळा मुद्दा. टीव्हीला नियम आहे, तासाला बारा मिनिटं, त्यातली दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांसाठी. थिएटरात मात्र गेल्या महिन्यात आमचा सव्वासातचा खेळ सात चाळीसला सुरू झाला. शेजारच्या काकूंना गुडघ्यांमुळे फार वेळ बसवत नाही, त्यांची ती पंचवीस मिनिटं वायाच गेली. बंगळुरूत एका गृहस्थांनी ह्याच कारणासाठी ग्राहक न्यायालयात दाद मागितली आणि २०२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढे उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, पण तक्रार रास्तच होती. तिकिटावर खेळाची वेळ छापता ना, मग त्या वेळेला सिनेमा सुरू करा.

सिनेमातही मला हाच धीर हवा असतो. प्रभातचा 'संत तुकाराम' आपल्या पुण्यात झाला, १९३६ साली. त्यातली तुकारामांची बायको जिजाई, आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन थेट विठोबासमोर उभी राहते. तिची भक्ती, वैताग, आईपण, सगळं तिच्या अंगातून येतं. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी आपल्याला तिच्याकडे बघू दिलं. हल्ली बघताना मला प्रत्येक भावनेच्या आधी दोन सेकंद संगीत ऐकू येतं, आता रडायचं आहे म्हणून. नको ना. मला माझं माझं रडू द्या.

ह्या क्षेत्रातलं कुणी माझ्या मित्रयादीत असेल, संकलनाच्या खोलीत बसणारं, तर एक कळकळीची विनंती आहे. वेळेचं गणित असतं, मान्य. मग वडिलांचं घर गाण्याआधी दाखवा, परीक्षकांचे डोळे गाण्यानंतर दाखवा. आणि ते पूर्ण गाणं, न कापलेलं, तुमच्या ॲपवर तरी टाका. त्या मुलीलाही उद्या स्वतःचं गाणं परत ऐकावंसं वाटेलच की.

ती पुढच्या फेरीत गेली आहे. आईला तिचं नाव लक्षात राहिलेलं नाही, पण रोज विचारते, "ती तान राहिलेली मुलगी पुन्हा कधी आहे गं?"