मधल्या सुराची कैफियत

वृंदगान चार आवाजांत चालतं. सोप्रानो सगळ्यांत वर, त्यामुळे चाल बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला. टेनर म्हणजे पुरुषांतले वरचे आवाज; ते दुर्मीळ, म्हणून लाडावलेले; एखादा शिंकला तरी अख्खी तालीम थांबते. बास, म्हणजे पुरुषांतले खालचे, गंभीर असतात, निदान दिसतात तरी. उरलो आम्ही आल्टो, म्हणजे बायकांतले खालचे आवाज. सोप्रानो वरवर जाऊन गिरक्या घेऊन परत येतात, तोवर आम्ही एकाच सुरावर ठिय्या देऊन असतो. फारच चैन झाली तर अर्धा सूर खाली सरकायला मिळतं.

घरी सराव करायचीही सोय नाही. भांडी घासताना मी माझी ओळ म्हणत होते, तर लेक म्हणाली, "आई, कुठलं गाणं गं हे?" मी नाव सांगितलं. "हॅट! ते असं नाहीये," म्हणाली, आणि मला नीट म्हणून दाखवलं. तिला गाणं येतं. मला त्याचं अस्तर येतं.

वर्षाच्या सुरुवातीला सगळे वेळेवर येतात. आधी आवाज मोकळा करायचा, म्हणजे ओठ सैल सोडून फुर्रर्र करत सूर वर न्यायचा आणि तसाच खाली आणायचा. पोक्त, चष्मेवाली, एरवी चारचौघांत मान असलेली माणसं गोल उभी राहून फुरफुरत असतात. बाहेरून जाणारा हमखास डोकावतो. अशा डोकावणाऱ्यांतलेच एकदोन पुढे सभासद झाले, यावरून काय ते समजा.

मग सर नादकाटा काढतात. जॉन शोर नावाच्या एका इंग्रज ट्रम्पेटवादकाने १७११ मध्ये हे हत्यार शोधून काढलं. सर तो गुडघ्यावर आपटतात, कानाशी धरतात आणि डोळे मिटून सूर देतात: सेकंदाला ४४० कंपनं. साथीला वाद्य नसलं की गाणं संपेपर्यंत त्याची ४१५ झालेली असतात, म्हणजे चांगला अर्धा सूर खाली. सगळे मिळूनच घसरतो, त्यामुळे आमच्या कानांना काही खटकत नाही. सर मात्र पुन्हा नादकाटा आपटतात, आणि या वेळी गुडघ्यावर जरा जोरातच. मग चौकशी बसते. सोप्रानोंच्या मते आल्टो जड. आमच्या मते बास ओढतात. बास उत्तर देत नाहीत. टेनरला कुणी बोलत नाही. सोडून गेला तर?

"शेजाऱ्याचं ऐका" हे सरांचं पालुपद. पण शेजारीण जोरात गायला लागली की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणून आपण चढवतो, मग ती चढवते. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच लिहून ठेवलंय. तो आमच्या तालमीला आला असता तर त्याचं काम एका संध्याकाळीत उरकलं असतं.

लांबलचक सूर अखंड ऐकू यावा म्हणून श्वास आळीपाळीने घ्यायचा असतो. शेजारणीने घेतला की आपण थांबायचं. आमच्या रांगेत सगळ्याच सुसंस्कृत. "आधी तुम्ही" अशा नजरेने एकमेकींकडे बघत राहतो, चेहरे लाल होतात, आणि शेवटी सगळ्याजणी एकदमच श्वास घेतो.

शब्दाच्या शेवटचा 'श' हे आणखी एक दुखणं. 'आकाश' म्हटलं की तो 'श' इकडून तिकडून सुटा सुटा येत राहायचा, सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखा. सरांनी तोड काढली: 'श' एकीनेच म्हणायचा, बाकीच्यांनी 'आका'वर थांबायचं. छान जमलं. नेमका कार्यक्रमाच्या दिवशी 'श'वाल्या बाईंचा आवाज बसला. भरल्या सभागृहात आम्ही तीनदा अत्यंत सुरेल 'आका' म्हटलं.

कार्यक्रमाबद्दल बाकी सांगण्यासारखं थोडंच. काळे कपडे ठरलेले, आणि काळ्या रंगाच्या किती छटा असतात ते त्या दिवशी कळतं. पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभं राहायला गाण्याहून जास्त वेळ लागतो. गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, नाहीतर भोवळ येते. प्रेक्षकांत बहुतेक आमचेच नातेवाईक. सासूबाई म्हणाल्या, "तुझं तोंड हलताना स्पष्ट दिसलं हो." आल्टोला याहून मोठी दाद मिळत नाही.

स्वीडनच्या गॉथेनबर्गमधल्या संशोधकांना २०१३ मध्ये असं आढळलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती बरोबरीने कमी-जास्त होते. श्वास एका लयीत चालतो म्हणून. आमच्या मंडळात हे वाचून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "हृदयं जुळतात ना? मग सुरांनीच काय घोडं मारलंय?"

वर्षाच्या शेवटी एका सभासदाच्या घरी स्नेहसंमेलन असतं. खरं सांगायचं तर निम्मे लोक वर्षभर याच्याच भरवशावर टिकतात. यंदा सोप्रानो एकाच गाडीतून येणार होत्या आणि ती वाटेत बंद पडली. जेवणं झाली, गप्पा झाल्या, गाण्याचा आग्रह झाला. आल्टो, बास आणि एक टेनर उभे राहिलो. पट्टी बरोबर, श्वास आळीपाळीने, एक अक्षर मागेपुढे नाही. सरांचा चेहरा वर्षात पहिल्यांदा निवळला. यजमानीणबाईंचे मिस्टर कौतुकाने मान डोलवत शेवटपर्यंत ऐकत होते. आम्ही थांबलो तसे ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "हं, आता होऊन जाऊ दे गाणं!"

वर्गणीची वही तेवढ्यात फिरली म्हणून विषय तिथेच मिटला.