आईला आधी विचारायचं ते का

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंत, "नातवाच्या उशाशी चार रात्री मी जागलो आणि सिस्टर म्हणतात, आई आली की सांगू. आपल्या घरात असली लपवाछपवी नसते. आणि एका खाटेवर दोन मुलं असतात तिथं गुप्तता पाळणार कशी?"

चार रात्री जागलेल्या आजोबांना "ताप उतरलाय, पहाटे दूध प्यायला" एवढंही कुणी सांगितलं नसेल, तर ते चुकलंच. निदानाची गोष्ट मात्र वेगळी.

मुलांच्या वॉर्डात मी बावीस वर्षं काढली. एका दुपारी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती घेताना, मी खाटेपाशीच मोठ्यानं विचारलं, "याचं एआरटीचं औषध दिलं का?" एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तो शब्द माहीत होता. लहान मुलाला एचआयव्ही बहुतेक वेळा आईकडूनच आलेला असतो. मुलाचं कळलं की आईचं कळतंच. संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतला, आणि मूल अर्धवट उपचारांवर घरी गेलं. जाताना त्या आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी ओव्हर खाटेपाशी घेतली नाही.

संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही अहवाल उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पण मी हे कायद्यासाठी म्हणत नाही. क्षयरोग असो, फिट येणं असो, मुलीच्या बाबतीत तर काहीही असो, वॉर्डातली गोष्ट गावात पोचायला एक फोन पुरतो.

जागेचं तुमचं म्हणणं खरं आहे. वेगळी खोली क्वचितच मिळते. तरी खाटेच्या पाटीवर निदान न लिहिणं, आईला औषधांच्या ट्रॉलीपाशी बोलावून हळू आवाजात सांगणं, फोनवर "मी काका बोलतोय" म्हणणाऱ्याला काही न सांगणं, याला खोली लागत नाही. आणि भरती करतानाच आईला एकटीला विचारायचं, "कुणाकुणाला सांगितलेलं चालेल?" एकटीलाच, कारण सासरे समोर उभे असताना ती नाही म्हणूच शकत नाही.

पुढच्या वेळी सूनबाईंना म्हणा, मनापासून वाटलं तरच सिस्टरला सांग. त्यांनी होकार दिला की केसपेपरवर "आजोबांना माहिती द्यावी" एवढी ओळ लिहून घ्या. मग रात्री दोन वाजताही कुणी तुम्हाला "आई आली की सांगू" म्हणणार नाही.